कुष्ठरुग्ण आणि त्यांच्या मुलांसोबत काम करायला नेपाळला जाताना: तयारीपासून परतीपर्यंत

महिना-दीड महिन्याची रजा काढून परदेशात सेवा करायची म्हटले की मराठी माणसाला नेपाळ जवळचे वाटते. व्हिसा लागत नाही, लिपी वाचता येते, खर्च आवाक्यात राहतो. म्हणूनच बरेच जण तयारी न करता निघतात. मग एक तर काम नाही म्हणून कंटाळून परततात, नाहीतर जे करायला नको ते करून ठेवतात. चुका ठरावीक आहेत आणि त्यांतल्या बहुतेक घरातून निघण्यापूर्वीच झालेल्या असतात. म्हणून या लेखाचा मोठा भाग तयारीचा आहे.

एक नियम आधी मनाशी पक्का करा. तुम्ही किती दिवस राहणार आहात त्यावर काम ठरते, तुमच्या हौसेवर नाही. चार आठवडे असतील तर चार आठवड्यांत पूर्ण होऊन मागे काही लोंबकळत राहणार नाही, असेच काम घ्यायचे.

टप्पा १: आजाराची माहिती पक्की करा (निघण्याआधी ४ महिने)

"मला काही होणार नाही ना?" हा प्रश्न तिथल्या वॉर्डात उभे राहून पडता कामा नये. तो इथेच सोडवा.

कुष्ठरोग जंतूमुळे होतो आणि फार हळू पसरतो. सुमारे ९५ टक्के लोकांमध्ये त्याविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, निकट सहवासातून नाकातोंडाच्या तुषारांवाटे तो पसरतो. हात हातात घेतल्याने, शेजारी बसून जेवल्याने होत नाही. बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, सुरू झाला की रुग्णाकडून होणारा संसर्ग लवकरच थांबतो. सौम्य प्रकारात ६ पाकिटे, जास्त जंतूंच्या प्रकारात १२, आणि प्रत्येक पाकीट २८ दिवसांचे.

रुग्णालयात किंवा वसाहतीत ज्यांची बोटे वाकडी झालेली दिसतात, पाऊल लुळे पडलेले दिसते, त्यांच्यापैकी अनेकांचा आजार केव्हाच बरा झालेला असतो. उरते ती नसांची हानी. स्पर्श, चटका, टोचणे कळत नाही आणि न कळल्यामुळे जखमा होत राहतात. तुमचे सगळे वागणे या एका गोष्टीभोवती बेतायचे आहे.

औषधांच्या तीन परिणामांनी नवे स्वयंसेवक घाबरतात. रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते. क्लोफाझिमिनने त्वचा काळसर होते, ती औषध थांबल्यावर हळूहळू उजळते. या दोन्हींत घाबरण्यासारखे काही नाही. तिसरा मात्र गंभीर आहे. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप आणि अंगभर पुरळ आले, तर ते डॅप्सोनचे वावडे असू शकते. त्याच तासाला नर्सला सांगायचे.

> तपासा: जंतू, संसर्ग आणि विकृती या तीन वेगळ्या गोष्टी घरच्या माणसाला पाच मिनिटांत समजावता येतात का? येत नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

जमल्यास निघण्यापूर्वी आठ-दहा दिवस महाराष्ट्रातच काम करून पाहा. वरोऱ्याचे आनंदवन, अमरावतीचे तपोवन, वर्ध्याजवळचे दत्तपूर अशी ठिकाणे आहेत. आधी पत्र लिहून परवानगी घ्या. जखमेचा वास सहन होतो का, रिकाम्या वेळात चुळबूळ होते का, हे परदेशात कळण्यापेक्षा इथे कळलेले बरे.

टप्पा २: संस्था निवडा, आणि तिला अवघड प्रश्न विचारा

काठमांडूच्या दक्षिणेला ललितपूर जिल्ह्यात आनंदबन रुग्णालय आहे, मधेसात, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेच्या सपाट प्रदेशात, धनुषा जिल्ह्यात लालगढ, तर पोखऱ्यात ग्रीन पास्चर्स. आनंदबन आणि आपले आनंदवन यांत एकाच अक्षराचा फरक असल्याने लोक गोंधळतात. या दोन वेगळ्या देशांतल्या वेगळ्या संस्था आहेत. पत्र पाठवताना पत्ता नीट बघा.

कोणत्याही संस्थेला लिहिताना "काहीही काम चालेल" असे लिहू नका. ते वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. तुम्हाला काय येते, किती आठवडे आहात, कोणत्या भाषा बोलता, हे चार ओळींत लिहा. हिशेब, संगणकावरची नोंदणी, शिवणकाम, चर्मकाम, सुतारकाम, वीजजोडणी, फिजिओथेरपी यांतले एखादे कौशल्य असेल तर ते पहिल्या ओळीत येऊ द्या.

मग त्यांना विचारायचे प्रश्न:

- माझ्यावर देखरेख कोण करील आणि मी कोणाला उत्तरदायी असेन?
- मी जे करणार आहे ते पूर्वी पगारी स्थानिक माणूस करत होता का?
- माझ्या मुक्कामासाठी तुम्हाला सरकारी परवानगी घ्यावी लागते का? ती घेतली आहे का?
- शुल्क असेल तर त्यातले राहण्या-जेवणाचे किती आणि बाकीचे कुठे जाते?
- बालसंरक्षणाचे लेखी धोरण आहे का? त्याची प्रत मिळेल का?

शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर तिथे जाऊ नका. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "हो" आले तरीही जाऊ नका. तुमच्या फुकट श्रमाने तिथल्या एका घराचा पगार बंद पडणार असेल तर ती सेवा नव्हे.

> सावध: मुलांच्या वसतिगृहात काम शोधत असाल तर एक प्रश्न आणखी विचारा. मुले इथे का आहेत आणि घरी कधी जातात? नेपाळमध्ये "अनाथ" म्हणून ठेवलेल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. परदेशी पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलांना घरापासून दूर ठेवल्याचे प्रकार तिथे उघड झाले आहेत. कुष्ठरोग झालेल्या आईबापांची मुले तर अधिकच सहज उचलली जातात, कारण गावाचीच त्यांना नकार देण्याची तयारी असते. चांगली संस्था मुलाला आईबापांजवळ ठेवून गावच्या शाळेत घालते आणि वसतिगृह असलेच तर सुट्टीत घरी धाडते.

डॉक्टर, नर्स आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी वेगळी सूचना. भारतातली नोंदणी तिथे चालत नाही. रुग्णाला हात लावायचा असेल तर डॉक्टरला नेपाळ मेडिकल काउन्सिलची, नर्सला नेपाळ नर्सिंग काउन्सिलची आणि फिजिओथेरपिस्टला नेपाळ हेल्थ प्रोफेशनल काउन्सिलची नोंदणी लागते. अर्ज संस्थेमार्फत आणि निघण्याच्या बऱ्याच आधी करा. नोंदणी नसेल तर शिकवणे आणि निरीक्षण यापुढे जाऊ नका.

टप्पा ३: कागदपत्रे, लसी, सामान (२ महिने आधी)

विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. १५ ते ६५ या वयात केवळ आधार कार्डावर विमानात चढता येत नाही. विमानतळावरून परत फिरणारे बहुतेक लोक याच चुकीमुळे फिरतात. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र घ्या. संस्थेने मागितले नसले तरी मुलांच्या जवळपास काम असेल तर ते आपणहून द्या.

लसींसाठी ६ ते ८ आठवडे आधी डॉक्टरांकडे जा, कारण काही लसींचे दोन-तीन डोस असतात. धनुर्वात, विषमज्वर, कावीळ अ आणि ब यांबद्दल विचारा. तराई-मधेसात महिनाभर राहणार असाल तर जपानी मेंदूज्वराची लसही. कुत्री सगळीकडे आहेत, त्यामुळे रेबीजच्या पूर्वलसीचा विचार करावा. कुष्ठरोगाला घाबरून बाकीच्या लसी विसरणारे लोक तिथे जाऊन विषमज्वराने आडवे होतात.

मधेसात जायचे तर मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून जयनगरपर्यंत पवन एक्सप्रेस आहे. जयनगरहून नेपाळची रेल्वे जनकपूरला नेते, तिथून पुढे रस्ता. काठमांडू आणि पोखऱ्यासाठी विमान सोपे पडते. जून ते सप्टेंबर दरडींमुळे डोंगरातले रस्ते बंद पडतात. दसैं आणि तिहार, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्या सुमारास, माणसे गावी जातात. त्या काळात जाऊ नका, काम मिळत नाही. मधेसात एप्रिल-मेचा उन्हाळा कडक असतो आणि डिसेंबर-जानेवारीत दाट धुके व बोचरी थंडी पडते.

पैशांचा दर ठरलेला आहे: भारतीय १ रुपया म्हणजे नेपाळी १.६०. बाजारात भाव सांगताना "आयसी" म्हणजे भारतीय आणि "एनसी" म्हणजे नेपाळी रुपये. दर वेळी विचारून घ्या. जवळ शंभरपर्यंतच्या नोटा ठेवा.

सामानात पुढील गोष्टी हव्यात: बंद पण सहज काढता येणारी पादत्राणे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, मच्छरदाणी, टॉर्च, स्वतःची औषधे, कोरी वही. जुने कपडे आणि जुनी पादत्राणे वाटायला नेऊ नका, पादत्राणे तर अजिबात नाही. संवेदना गेलेल्या पायाला एमसीआर या मऊ, बारीक छिद्रांच्या रबराचा तळ लागतो, मागे पट्टा लागतो आणि कुठेही खिळा चालत नाही. खिळा टोचला तरी त्या माणसाला कळणारच नाही. तुम्ही दिलेले चांगले दिसणारे बूट महिन्याभरात पायाला भोक पाडू शकतात.

> तपासा: संस्थेचे लेखी निमंत्रण, देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे नाव, कामाचे स्वरूप, राहण्याचा पत्ता आणि परतीची तारीख या पाचही गोष्टी कागदावर आहेत का? चारच असतील तर तिकीट काढू नका.

टप्पा ४: भाषा

देवनागरी वाचता येते म्हणजे नेपाळी येते, असे नाही. मधेसात तर घरात मैथिली बोलली जाते. निदान दोन आठवडे रोज अर्धा तास नेपाळी शिका आणि "तपाईं" पासून सुरुवात करा. नेपाळीत "तँ", "तिमी" आणि "तपाईं" अशा पायऱ्या आहेत. आपल्या "तू"च्या सवयीने मोठ्या माणसाला "तँ" म्हटले तर तो सरळ अपमान ठरतो. वयाने मोठ्यांना दाइ, दिदी, बा, आमा म्हणा. लहानांना भाइ, बहिनी.

सर्वात धोकादायक ते सारखे दिसणारे शब्द. मराठीत "सुन्न" म्हणजे संवेदना नसलेला. नेपाळीत "सुन्निएको" म्हणजे सुजलेला. रुग्णाने "हात सुन्नियो" म्हटले आणि तुम्ही वहीत "बधिर" लिहिले, तर नव्याने आलेली सूज जुनी बधिरता म्हणून दुर्लक्षित होईल. स्पर्श कळत नाही याला "छोएको थाहा हुँदैन" म्हणतात. घाउ म्हणजे जखम, खुट्टा म्हणजे पाय, तातो म्हणजे गरम. हे शब्द पाठ पाहिजेत.

आजाराला "कुष्ठरोग" हाच शब्द दोन्हीकडे चालतो. "कोरी" हा नेपाळीतला आणि "कोढी" हा मैथिलीतला शब्द कानावर पडेल. ते शिवीसारखे वापरले जातात, तुम्ही उच्चारू नका. मराठीत घरी फोनवर बोलतानाही "महारोगी" म्हणू नका. तो शब्द ऐकून ओळखणारे हिंदी-मराठी जाणणारे लोक तिथेही भेटतात, कारण मुंबई-पुण्यात राबून परतलेले नेपाळी पुष्कळ आहेत.

टप्पा ५: पहिला आठवडा, फक्त बघायचे

पहिले सात दिवस स्वतःहून काही सुरू करायचे नाही. कोण काय करते, केव्हा करते, कोणाचे शब्द चालतात, हे वहीत टिपा. ड्रेसिंगच्या खोलीत किंवा चप्पल बनवण्याच्या कारखान्यात काम करणारे काही जण स्वतः हा आजार भोगून बरे झालेले असतात. त्यांच्या हाताखाली शिकायचे आहे.

तारखांकडे लक्ष द्या. तिथे विक्रम संवत चालतो, त्यातले काही महिने ३२ दिवसांचे असतात. औषधाचे पाकीट मात्र २८ दिवसांचे असते. "महिन्याने या" असे सांगितले की रुग्णाचे तीन-चार दिवस औषधाविना जातात. नोंदी करताना तारीख मनातल्या मनात बदलू नका, कार्डावर आहे तशीच उतरवा. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे आहे आणि साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते.

टप्पा ६: रुग्णांसोबत रोजचे वागणे

नमस्कार करा आणि त्यांनी हात पुढे केला तर तो मोकळेपणाने हातात घ्या, पण दाबू नका. हातमोजे घालून भेटायला जाऊ नका. हातमोजे जखमेला हात लावतानाचे असतात, गप्पा मारतानाचे नाहीत.

चहा स्टीलच्या पेल्यात भरून हातात देऊ नका. ही चूक सर्वात जास्त होते आणि ती नेहमी प्रेमापोटी होते. पेला कितीही गरम असला तरी समोरच्याला चटका जाणवत नाही, तो घट्ट धरून ठेवतो, आणि संध्याकाळी तळहातावर फोड दिसतात. कानाचा कप द्या किंवा पेला फडक्यात गुंडाळा. पाणी गरम आहे का हे रुग्णाच्या हाताला विचारायचे नाही. तुमच्या कोपराने बघा.

कार्यक्रमात सगळ्यांना मांडी घालून खाली बसवण्याची आपली पद्धत इथे सोडा. बधिर पायाच्या घोट्याची बाहेरची बाजू जमिनीवर दाबली जाते आणि तासाभरात तिथे जखमेची सुरुवात होऊ शकते. बाक किंवा खुर्च्या मांडा. गाव दाखवायला चला म्हणून कोणाला लांब चालवू नका. तो नाही म्हणणार नाही आणि त्याला दुखणारही नाही, तीच तर अडचण आहे.

रोजच्या स्वयंकाळजीत मदत करायला सांगितले तर क्रम असा:

1. दिवसाउजेडी दोन्ही तळपाय, बोटांच्या फटी, तळहात बघणे. लाल डाग, फोड, भेग, उष्ण जागा. रुग्णाने स्वतः बघायचे, तुम्ही आरसा धरायचा.
2. साध्या, न तापवलेल्या पाण्यात पाय सुमारे २० मिनिटे भिजवणे. पाय घोट्यापर्यंत बुडाले पाहिजेत.
3. मऊ झालेला घट्टा खरखरीत दगडाने किंवा वजरीने हलके घासणे. ब्लेड नाही, चाकू नाही.
4. पाय पूर्ण कोरडा करण्याआधीच वरून तेल लावणे, म्हणजे ओल आत राहते. तिथे मोहरीचे तेल घरोघरी असते, तेच पुरते. महाग मलम घेऊन जायची गरज नाही.
5. चप्पल पालथी करून, आत हात फिरवून खडा किंवा खिळा नाही ना ते बघणे, मग घालणे.

पहिल्या पायरीत उघडी जखम दिसली तर पुढचे काही करू नका, नर्सला बोलवा. ज्यांचा डोळा पूर्ण मिटत नाही त्यांना बोलता बोलता पापण्या जोरात मिटण्याची आठवण करा आणि पंख्याचा झोत त्यांच्या तोंडावर ठेवू नका. रात्री जेवणानंतर हातपाय धुऊन मच्छरदाणी खोचून झोपायला सांगा. अन्नाच्या वासाने उंदीर येतात आणि बधिर बोटे कुरतडली जातात तरी जाग येत नाही.

> सावध: चट्टा अचानक लाल होऊन सुजला, कोपराजवळ किंवा गुडघ्याजवळ नस दुखू लागली, कालपर्यंत उचलला जाणारा हात किंवा पाऊल आज उचलत नाही, डोळा लाल होऊन दुखतो, अंगावर दुखऱ्या गाठी आणि ताप आला, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ही रिअ‍ॅक्शन असते, म्हणजे औषधाचे वावडे नव्हे, तर जंतूंविरुद्ध शरीराच्या प्रतिकारशक्तीने घेतलेली उसळी. वेळेवर उपचार मिळाला तर नस वाचू शकते. "औषध बाधले, थोडे दिवस बंद ठेवा" असा सल्ला कोणालाही देऊ नका. रिअ‍ॅक्शनमध्येही एमडीटी चालूच ठेवतात.

टप्पा ७: मुलांसोबत

इथे दिवस कमी असतील तर कामाचा प्रकारच बदला. तीन महिन्यांपेक्षा कमी राहणार असाल तर मुलांची सकाळ-संध्याकाळ काळजी घेण्याचे, झोपवण्याचे, अंघोळीचे काम घेऊ नका. ज्या मुलाने आईला उपचारासाठी महिनोन्‌महिने दूर गेलेले पाहिले आहे, त्याला आणखी एक जवळचे माणूस जाताना बघायला लावू नये. त्याऐवजी तिथल्या शिक्षकाला मदत करा: गणिताच्या सरावाचे कागद, वाचनालयाची नोंद, विज्ञानाचे साधे साहित्य. तिथलीच पाठ्यपुस्तके वापरा, आपल्याकडची नेऊ नका. नवे शालेय वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होते, हे बघून तारखा ठरवा.

शाळेत गेल्यावर "कुष्ठरुग्णांची मुले कोणती?" असे विचारू नका, हळू आवाजातही नाही. वह्या, दप्तरे द्यायची तर सगळ्या वर्गाला द्या. फक्त "त्या" मुलांना दिलेले नवे दप्तर म्हणजे त्यांच्या पाठीवर चिकटवलेली चिठ्ठी. संस्थेचे नाव लिहिलेल्या गाडीतून त्यांच्या दारात उतरू नका, थोडे अलीकडे उतरून चालत जा.

मुलाच्या अंगावर फिकट चट्टा दिसला तर सर्वांसमोर पेन टोचून बघू नका. संस्थेतल्या आरोग्य कार्यकर्त्याला एकट्याला सांगा. घरातल्या रुग्णाच्या संपर्कातल्यांना प्रतिबंधक रिफाम्पिसिनचा एक डोस देण्याची पद्धत आहे. पण तो आधी कुष्ठरोग आणि क्षयरोग नाही हे पाहूनच द्यायचा असतो. ते तुमचे काम नाही.

मुलासोबत दार बंद खोलीत एकटे थांबायचे नाही. वैयक्तिक फोन नंबर द्यायचा नाही. "तुला मुंबई दाखवीन", "पुढचे शिक्षण मी करीन" असे शब्द तोंडातून जाऊ द्यायचे नाहीत.

छायाचित्रांबद्दल

निम्मा मुक्काम होईपर्यंत कॅमेरा बाहेर काढू नका. नंतरही चेहरा आणि "कुष्ठरोग" हा शब्द एकत्र येईल असे काहीही टाकू नका. एका फोटोने मुलीचे ठरलेले लग्न मोडू शकते आणि तिला आजार झालेला असण्याचीही गरज नसते, आईला झालेला पुरतो. संमती घ्यायची तर फोटो कुठे दिसेल हे त्यांच्या भाषेत, तिसऱ्या माणसाकरवी सांगा. तुमच्या तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. मोबाइलमधली ठिकाणाची नोंद बंद ठेवा.

टप्पा ८: निघताना आणि परतल्यावर

जाण्याची तारीख पहिल्याच दिवशी सांगितलेली असावी आणि शेवटच्या आठवड्यात पुन्हा सांगावी. गुपचूप निघून जाऊ नका. रडारड टाळण्यासाठी असे करणारे बरेच आहेत, त्याने मुलांना जास्त लागते. केलेल्या कामाची टिपणे, फायली, किल्ल्या देखरेख करणाऱ्याच्या हाती देऊन सही घ्या. अर्धवट राहिलेले काम अर्धवट आहे असे स्पष्ट लिहा.

देणगी द्यायची तर संस्थेच्या खात्यात द्या, पावती घ्या. नेपाळी संस्थेला दिलेल्या देणगीवर भारतात आयकराची सवलत मिळत नाही, हे वर्गणीदारांना आधी सांगा. एखाद्या कुटुंबाच्या हातात परस्पर रोख पैसे देऊ नका, मागे राहिलेल्या शेजाऱ्यांत त्यावरून भांडणे लागतात.

परतल्यावर कोणतीही रक्त तपासणी करण्याची गरज नाही. या आजाराची लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे लागतात, कधी वीस किंवा त्याहून जास्त. म्हणून महिन्याभरात केलेली तपासणी काही सांगत नाही. पुढे कधी अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला किंवा ताप राहिला तर त्यासाठी मात्र थांबू नका, लगेच जा, आणि नेपाळला कुठे राहिला होतात ते डॉक्टरांना सांगा.